वास येतो का?

मिरचीचं नाक

कांडपावर बसणाऱ्या बाईला सर्दी झाली म्हटलं, तर आमच्या पलूसमध्ये कुणी मान वर करून बघत नाही. माझं मिरची-कांडप आहे. घराच्याच पुढच्या खोलीत मशीन, वर-खाली होणारी लोखंडी मुसळं आणि दिवसभर उडणारी लाल धूळ. उन्हाळा लागला की बायका भाजलेली मिरची, खोबरं, धणे, तळलेला कांदा, लसूण असं सगळं डब्यांतून घेऊन येतात आणि वर्षाची चटणी कांडून नेतात. आमच्याकडं त्या लाल तिखट मसाल्यालाच चटणी म्हणतात. ती घरात नसेल तर आमटी होत नाही आणि पाहुणचारही होत नाही.

मशीन काय, कुणीही लावतं. या धंद्यात लागतं ते नाक. डब्याचं झाकण उघडलं की मला कळायचं, खोबरं करपलंय, धणे कच्चे राहिलेत, कांद्यात ओल आहे आणि ही चटणी श्रावण बघणार नाही. मी तोंडावर सांगायचे. बायका फणफणायच्या, डबा उचलून निघूनही जायच्या, पण पुढच्या वर्षी पुन्हा माझ्याच दारात. "वैजंतावयनी, आदी वास घ्या, मग टाका," म्हणायच्या. घरोघरच्या चटणीचा वास मला पाठ होता. डोळ्यांवर पट्टी बांधून डबा पुढं ठेवला असता तरी कुणाच्या घरचा ते मी सांगितलं असतं.

स्वतःचं कौतुक करायला हे लिहीत नाही. काय गेलं ते कळावं म्हणून लिहिते.

उजवी नाकपुडी आधी बंद झाली. मिरची बसलीय, मी म्हणाले. शेजारची म्हणाली, "आवं वयनी, मिरचीत बसनाऱ्याचं नाक गळनार न्हाई तर काय व्हईल?" वाफ घेतली, ओव्याची पुरचुंडी हुंगली, नाकात तूप सोडलं. गावातल्या डॉक्टरांनी ॲलर्जीच्या गोळ्या दिल्या आणि तोंडाला फडकं बांधून बसा म्हणाले. त्यांचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही, माझ्याकडं बघून कुणीही तेच म्हणालं असतं. नाकातून रक्त आलं तेव्हा सगळ्यांनी उष्णता ठरवली. आमच्याकडं रक्त आलं की कांदा फोडून नाकाशी धरतात. मी धरला. वास आला नाही. सर्दीत कुठला येणार, म्हणून तोच कांदा मी आमटीत टाकला.

गाल दुखायला लागला तर दाढ काढून टाकली. ती बिचारी चांगली होती.

तुमचं काम धुळीचं असेल, पिठाचं, कापसाचं, सिमेंटचं, तर माझं एवढं ऐका. सगळं धुळीच्या माथी मारू नका. एकाच बाजूचं नाक बरेच दिवस बंद राहिलं आणि रक्त आलं, तर नाकात दुर्बीण घालून बघणाऱ्याकडं जा. मी फार उशिरा गेले.

ऊद

त्या हिवाळ्यात माझ्या सासूबाईंनी घरात ऊद जाळायचा सपाटा लावला. मी त्यांना आत्ती म्हणायचे. त्यांचं माहेर म्हसवडचं, दुष्काळी मुलखातलं, त्यामुळं पाणी आणि शब्द दोन्ही जपून वापरायची सवय. आधी त्या फक्त रविवारी, सिद्धनाथाच्या नावानं, शेणीच्या निखाऱ्यावर चिमूटभर ऊद टाकायच्या. आता सकाळ-संध्याकाळ धूर. माझ्या खोलीत जरा जास्तच.

"आत्ती, मठ काढताय का काय घरात?" मी चेष्टा करायचे.

"डास लय झाल्यात," त्या म्हणायच्या.

माझे मिस्टर लष्करातून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. सगळ्यांबरोबर स्वयंपाकघरात जेवायला बसणारा माणूस, पण त्या दिवसांत ताट उचलून अंगणात जायला लागला. "आत उकडतंय," म्हणायचे. ऐन पौषात उकडतंय! मुलगी स्नेहल कॉलेजला, ती अभ्यासाला मैत्रिणीकडं जायला लागली. कांडपाला येणाऱ्या बायका पायरीवरच डबा ठेवून मागं सरायच्या. मला वाटलं, माझ्या तोंडाचा धाक बसला. खरं सांगायचं तर थोडं बरंसुद्धा वाटलं.

एक प्रश्न

डोळ्याखाली सूज आली तेव्हा मिस्टरांनी एक शब्द न ऐकता मला सांगलीला नेलं. नाक-कान-घशाचे डॉक्टर तरुण होते, बोलायला मऊ. मी खुर्चीत बसल्याबरोबर त्यांनी मास्क वर ओढला. त्यात मला काही वावगं दिसलं नाही. डॉक्टर लोक ओढतातच.

दुर्बीण आत जाऊन बाहेर आली. ते हातमोजे काढता काढता म्हणाले, "वास येतो का?"

"नाही," मी म्हणाले. "कांद्याचासुद्धा नाही."

आणि त्याच क्षणी माझ्या शेजारी बसलेले मिस्टर म्हणाले, "येतो."

मी वळून बघितलं. मला राग आला. "मला येत नाही म्हणतेय ना मी? माझ्या नाकाचं तुम्हाला काय ठाऊक?"

ते खाली बुटांकडं बघत होते. डॉक्टर माझ्याकडं बघेनात. त्यांनी मिस्टरांनाच विचारलं, "कधीपासून?"

"दिवाळीपासनं. पयला थोडा येत हुता. आता लय येतो."

मराठीत हे वाक्य एकच आहे. वास येतो. मला येतो का माझा येतो, ते वेगळं सांगावं लागत नाही, कारण त्यावाचून कुणाचं काही अडत नाही. माझं त्या खोलीत अडलं. मग एकेक गोष्ट उलगडत गेली. ऊद, अंगणातलं ताट, मैत्रिणीकडचा अभ्यास, पायरीवरचे डबे. गावभर दुसऱ्यांच्या डब्यांचा वास घेत हिंडणारी मी, आणि माझा वास सगळ्या गल्लीला येत होता. फक्त मला येत नव्हता.

कॅन्सर हा शब्द त्या दिवशी पहिल्यांदा "शक्यता आहे" असं म्हणून कानावर पडला. लोक विचारतात, तो ऐकून काय वाटलं? त्या "येतो"नं माझं जे केलं होतं, त्यानंतर कॅन्सरला करायला फारसं काही उरलं नव्हतं.

घरातला कायदा

परत येताना एसटीत मी सगळ्यात मागच्या सीटवर एकटी जाऊन बसले आणि खिडकी उघडली. मिस्टर शेजारी येऊन बसायला लागले तर त्यांना हातानंच लांब केलं. ते एक सीट सोडून बसून राहिले, पलूस येईपर्यंत.

घरी आत्ती निखाऱ्यावर ऊद टाकत होत्या.

"आत्ती, माझा वास येत हुता?"

त्यांचा हात थांबला. "व्हय."

"मग सांगितलं का न्हाई?"

"काय सांगायचं? सून हायेस तू. तुजा वास येतोय म्हनून सुनंला कोन सांगतं व्हय?"

"सगळ्यांनी नाकं दाबली आन मी एकटी येड्यासारखी…"

आत्तींनी ऊद पुरता टाकला, चिमटा खाली ठेवला. "सांगितलं असतं तर तू मागच्या खोलीत जाऊन बसली असतीस. जेवान बी तिथंच मागिटलं असतंस. तुजा सोभाव मला ठाव हाय. मंग रोज मला तिथवर यावं लागलं असतं तुज्यापाशी बसाय. माजं गुडघं दुकत्यात."

मी रडत होते आणि हसूही आलं. अशी बाई होती ती.

पण त्या संध्याकाळी मी घरात कायदा केला. आजपासून वासाबद्दल कुणी खोटं बोलायचं नाही. आला तर आला, नाही तर नाही. मी विचारणार, तुम्ही उत्तर द्यायचं. मिस्टर लष्करातले, कायदा म्हटल्यावर त्यांना बरं वाटलं. स्नेहल नुसती रडली. आणि मग रोज सकाळी चहाआधी माझा प्रश्न ठरलेला, "वास येतो का?" मिस्टर समोर उभे राहून सांगायचे, "येतो." ऐकायला सोपं नव्हतं. पण लपवलेल्या ऊदापेक्षा ते बरं होतं.

नाकातला तुकडा काढून तपासायला दिला तर काहीच निघालं नाही. नुसतं मेलेलं मांस, म्हणाले. आम्ही पेढे वाटायच्या बेतात होतो. डॉक्टर मात्र अडून बसले. दुसऱ्यांदा, आणखी आतला तुकडा काढला आणि मुंबईला पाठवला. या आजारात असं पुष्कळदा होतं, हे मला नंतर कळलं. तेव्हा पहिल्या तुकड्यात काही नाही निघालं तर सुटलो म्हणून घरी बसू नका.

मुंबईहून उत्तर आलं, नाकातला लिम्फोमा. कॅन्सरचाच एक दुर्मीळ प्रकार. आत्तींना ते शेवटपर्यंत म्हणता आलं नाही. कुणी विचारलं तर सांगायच्या, "लिंबुमा झालाय." यावर गल्लीतल्या एकीनं, कुणी लिंबू टाकलं म्हणून विचारलं. आत्तींनी तिला चहा न देता घालवली.

वॉर्ड

केमोचं मी फार लिहीत नाही. ज्यांना घ्यायचीय त्यांना कळेलच, आणि ज्यांना नाही त्यांना कशाला. सलाईन टिपटिप पडतं, तोंडात पत्र्याची चव येते, केस उशीवर राहतात. मला भीती मरणाची कमी आणि वासाची जास्त वाटायची. आपण मेलो तर लोक जवळ येतील का, असलं काहीतरी डोक्यात यायचं.

आत्तींनी हट्टानं सांगलीच्या हॉस्पिटलात माझ्याजवळ राहायचं ठरवलं. स्नेहल राहते म्हणाली, मिस्टर राहतो म्हणाले. आत्ती म्हणाल्या, "तुमी येऊन-जाऊन ऱ्हावा." वॉर्डात ऊद चालणार नव्हता. सिस्टरनं बजावल्यावर त्यांनी पदराच्या गाठीत कापूर बांधून आणला. पण तो कधी नाकाला लावलेला मी बघितला नाही. स्टूल ओढून त्या अगदी माझ्या तोंडापाशी बसायच्या, एवढ्या जवळ की मीच तोंड फिरवायचे.

शेजारच्या खाटेवर एक बाई होत्या, त्याही आजारीच. दुसऱ्या दिवशी त्यांनी सिस्टरकडं खाट बदलून मागितली. हळूच मागितली, पण मला ऐकू गेलं. मी डोळे मिटून पडून राहिले. मी काही त्यांना दोष देत नाही, त्यांना आधीच उलट्या होत होत्या.

आत्ती उठल्या. मला वाटलं, आता भांडण होणार. त्या त्यांच्या खाटेपाशी गेल्या आणि म्हणाल्या, "आवं बाई, तुमच्या नाकाला तरास हाय, तिच्या नाकाला आजार हाय. तुमी म्हनत असाल तर आमी उठतो. पर हिला उठवाय दोघी लागत्यात, आन तुमाला बी. त्यापरीस ह्यो कापूर घ्या." आणि पदराची गाठ सोडून सगळा कापूर त्यांच्या हातावर ठेवला.

बाईंनी खाट बदलली नाही. नंतर आमच्या किटलीतला चहा त्या घ्यायला लागल्या. असं काहीतरी रोज व्हायचं, कुणी आपल्या डब्यातली पेज द्यायचं, कुणाचा पाहुणा माझीही चौकशी करून जायचा. त्यावर दिवस निघायचा.

दुसरी केमो झाली त्यानंतरच्या एका सकाळी मी विचारलं, "आत्ती, वास येतो का?" त्या वाकल्या. तान्ह्या पोराच्या तोंडाला दुधाचा वास येतो का बघतात, तशा माझ्या तोंडाशी नाक नेऊन हुंगत राहिल्या. पुन्हा हुंगलं. मग सरळ झाल्या.

"आज न्हाई," त्या म्हणाल्या.

तपासणीत गाठ कमी झाल्याचं पुढं डॉक्टरांनी सांगितलं. मला ते आधीच कळलं होतं.

जाळी

मग शेक. रेडिएशनला तिथं सगळे शेकच म्हणतात. त्यासाठी हॉस्पिटलजवळ एक खोली घेतली. चेहऱ्यावर गरम प्लास्टिकची जाळी दाबून तिचा साचा करतात, आणि रोज तीच जाळी चेहऱ्यावर बसवून टेबलाला घट्ट अडकवतात, डोकं तसूभरही हलू नये म्हणून. मुसळाखाली डबा अडकवतात तसं. दुखत काहीच नाही. पण तोंड आतून सोलून निघतं, थुंकी आटते, आणि पाण्याचा घोटसुद्धा कुणीतरी ढकलल्यासारखा जातो.

तोवर चटणीचे दिवस आले. आमचं कांडप बंद होतं. आत्तींची खोलीत घालमेल सुरू झाली.

"वर्साची चटनी कोन करनार?" त्या म्हणाल्या.

"एक वर्ष विकत आणू, आत्ती."

त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की मी पुन्हा तो विषय काढला नाही. स्नेहलला माझ्याजवळ ठेवून त्या पलूसला गेल्या. मिरची आणली, वाळवली, देठं मोडली. आमच्या दोघींचं दरवर्षी एकाच गोष्टीवरून वाजायचं. त्यांना चटणीत लवंगी मिरची भरमसाट लागायची, म्हसवडची सवय. मी मशीनपाशी बसून त्यांच्या डब्यातली मूठभर लवंगी काढून ठेवायचे. माझं लक्ष नसलं की त्या ती परत टाकायच्या.

त्यांचा फोन आला. मला बोलता येत नव्हतं, स्नेहलनं फोन माझ्या कानाशी धरला.

"मशीन चालू केलंया," आत्ती म्हणाल्या. "यंदा मला आडवनारं कुनी न्हाई. लवंगी माज्या हातानं घातली. तू घरी ये, मंग काय बोलायचं ती बोल."

मी हुंकार भरला. तेच आमचं शेवटचं बोलणं.

मिस्टर दोनच दिवसांनी सकाळी शेकाच्या खोलीबाहेर येऊन उभे राहिले. त्या वेळी ते कधी यायचे नाहीत. माझ्या आधी एकच नंबर उरला होता. मी हातानंच विचारलं, काय?

त्यांना खोटं बोलता आलं असतं. पण आमच्या घरात कायदा झाला होता. तो वासापुरता होता, त्यांनी तो सगळ्यालाच लावला.

"आई गेली," ते म्हणाले. "आज सकाळी. चटनी चाळून बरनीत भरली, फडकं बांधलं. हात धुतलं, आन भितीला टेकून बसली. मी च्या घिऊन आलो तर…"

आतून माझं नाव पुकारलं.

"जा," मिस्टर म्हणाले. "शेक चुकवू नगंस. आई थांबंल."

मी गेले. आडवी झाले. जाळी बसली, कडा टेबलाला अडकल्या, सगळे बाहेर गेले आणि दार लागलं. जाळीखाली ओठ हलत नाहीत, हनुवटी हलत नाही. रडायला चेहरा हलावा लागतो, हे मला त्या टेबलावर कळलं. पाणी डोळ्यांतून निघून कानात जात राहिलं. मशीन आपलं गुणगुणत होतं. मला ओरडायचं होतं, आणि हललं तर शेक भलतीकडं बसेल अशी धास्तीही होती. म्हणून मी हलले नाही. आयुष्यात इतकं अवघड काम मी दुसरं केलेलं नाही.

शिंका

आत्ती थांबल्या. डॉक्टरांनी गर्दीत जायचं नाही म्हणून बजावलं होतं, म्हणून मी मास्क लावून दाराच्या आत भिंतीशी बसले. घरभर ताज्या चटणीची धूळ होती. भिंतींवर, कोनाड्यात, आत्तींच्या निऱ्यांतसुद्धा लाल. आलेली प्रत्येक बाई उंबऱ्यात आधी शिंकत होती आणि मग गळा काढत होती. रडणं चालू, मध्येच शिंक, पुन्हा रडणं. म्हसवडहून आलेल्या त्यांच्या भावजय डोळे पुसत म्हणाल्या, "जाता जाता बी नाकी नऊ आनलं बाईनं." आणि त्या गर्दीत कुणीतरी हसलं. आत्तींना चाललं असतं.

सगळं घर घमघमत होतं म्हणे. शिंकले नाही ती मी एकटीच. माझ्या नाकात तेव्हा शिंकण्यासारखं काही जिवंत उरलेलं नव्हतं. त्यांना उचलायच्या आधी मी मास्क काढला आणि त्यांच्या पदराला नाक लावलं. कापूर, ऊद, मिरची, घाम, जे काही असेल ते. काही आलं नाही. लुगड्याचं कापड गालाला लागलं, तेवढंच.

बरणी

शेक संपले, पुढची इंजेक्शनं संपली. तपासण्या झाल्या. "सध्या आजार कुठं दिसत नाही," डॉक्टर म्हणाले. बरी झालात असं ते अजून म्हणत नाहीत आणि मीही विचारत नाही. वासाबद्दल मात्र विचारलं. त्यांनी सरळ सांगितलं, आतलं फार जळलंय, काहींना परत येतो, काहींना येत नाही. वाट बघा.

मी वाट बघायला लागले. घरात आत्तींची चिनीमातीची बरणी होती, तोंडाला त्यांच्याच जुन्या लुगड्याचं फडकं आणि त्यांनीच मारलेली गाठ. मी पेजेवर होते तोवर मिस्टर आणि स्नेहल त्यातूनच चटणी घेत होते, घेणारच. मी एकदा फडकं सोडून बघितलं तर बरणी पार तळाला गेलेली.

"हिला आता कुणी हात लावायचा नाही," मी म्हणाले.

"मग खायचं काय, मम्मी?" स्नेहल म्हणाली.

"शेजारून आणा."

कांडपवालीच्या घरातून वाटी घेऊन चटणी मागायला पोरगी येते म्हणून गल्लीत चर्चा झाली. होऊ दे म्हटलं. आत्तींचा फोटो आहे, पण फोटोत त्या ओढूनताणून बसवलेल्या दिसतात. त्यांचं खरं काही उरलं असेल तर ते या बरणीत, आणि ते बघण्यासाठी मला नाक हवं होतं. नाक येईपर्यंत बरणी टिकली पाहिजे, एवढाच माझा हिशेब होता. रोज सकाळी आंघोळ झाली की मी फडकं सोडायचे, बरणीत तोंड घालायचे आणि मिस्टर दारातून विचारायचे, "वास येतो का?" आता प्रश्न त्यांचा होता.

"नाही," मी म्हणायचे आणि गाठ मारायचे. ती आत्तींची गाठ राहिली नव्हती, ती मी पहिल्याच दिवशी सोडली होती.

पावसाळा गेला, दिवाळी झाली, थंडी पडली. वास आला नाही. कधी कधी भास व्हायचा, खोबऱ्याचा, ओल्या मातीचा. मी धावत जाऊन बरणी उघडायचे. काही नसायचं.

यंदाच्या उन्हाळ्यात कांडप पुन्हा चालू केलं. मी लांब, ओसरीवर बसते. डबे स्नेहल हुंगते आणि मला येऊन सांगते, "मम्मी, गोडसर येतोय, मध्येच कडवट." मग मी सांगते, खोबऱ्याचा एक घाणा जास्त भाजलाय. पोरीचं नाक तयार होतंय. तिच्या उसन्या नाकावर माझं चालवते मी.

आमची नवी चटणी करायची वेळ आली. बरणी एकच, ती रिकामी करायला हवी. मी टाळत राहिले. शेवटी मिस्टरांनीच ती माझ्यासमोर आणून ठेवली, फडकं सोडलं आणि वास घेतला.

"वास येतो का?" मी विचारलं.

ते फडक्याची घडी घालायला लागले.

"आपला कायदा आहे."

"येतो," ते म्हणाले. "खवट येतो. खोबरं खवाट झालंय. आईची चटनी ऱ्हायली न्हाई ती, वैजंता."

मी ज्याची राखण करत बसले होते ते कधीच निघून गेलं होतं. रोज तोंड घालूनही मला कळलं नव्हतं. माझ्या नाकाची वाट बघता बघता आत्तींचा वास बरणीतल्या बरणीत गेला, आणि जाताना तो कुणाच्याच नाकाला लागला नाही. मी तिथंच बसून रडले. या वेळी चेहऱ्यावर जाळी नव्हती.

मग उठले. तवा ठेवला, ज्वारीच्या भाकरी केल्या. तळाशी उरलेली चटणी ताटात काढली, वर कच्चं तेल ओतलं.

"मम्मी, तुला तिखट चालत नाही," स्नेहल म्हणाली.

"खवट खाऊन कुनी मरत न्हाई," मी म्हणाले. "बसा."

भाकरीचा तुकडा मोडला, चटणीत दाबला आणि तोंडात घातला. पहिल्यांदा काहीच नाही, नेहमीसारखा नुसता लगदा. मग आग झाली. जीभ, टाळू, शेकानं सोललेली गालाची आतली बाजू, सगळं एकदम पेटलं. डोळ्यांतून धारा, आणि इतक्या महिन्यांत कोरड्या ठणठणीत पडलेल्या नाकातून पाणी. एवढी लवंगी दुसऱ्या कुणाच्या घरच्या चटणीत नसते. दरवर्षी मी काढून ठेवायचे ती मूठ यात होती, वर आणखी एक. यंदा मला आडवनारं कुनी न्हाई.

दोघंही माझ्याकडं बघत होते. मिस्टरांनी अगदी हळू विचारलं, "वास आला?"

"न्हाई," मी म्हणाले. "पर लागली. लय लागली."

त्यांनी बरणी उचलली, आडवी केली आणि तळाला चिकटलेली सगळी माझ्या ताटात झाडली.